सोसायला वयाची अट नाही, पाहायला मात्र अठरा

जून २०१८. जळगाव जिल्हा, जामनेर तालुका, गाव वाकडी. मातंग समाजातली काही अल्पवयीन मुलं एका विहिरीत पोहली. एवढ्याच कारणासाठी त्यांना विवस्त्र करून मारण्यात आलं. मारताना कुणीतरी मोबाईल समोर धरला होता. ती चित्रफीत काही दिवसांत देशभर फिरली.

तीनेक आठवड्यांनी, १ जुलै २०१८ ला, शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे पोचले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेचून मारलं. त्याचंही चित्रीकरण झालं आणि तेही फिरलं.

या दोन चित्रफितींवर कोणत्याही मंडळाचा शिक्का नव्हता. 'केवळ प्रौढांसाठी' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ज्या मुलाच्या हातात घरातला मोबाईल होता, त्याच्यापर्यंत त्या पोचू शकत होत्या. त्याला कुणी वय विचारलं नाही. आणि वाकडीच्या मुलांनाही मारणाऱ्यांनी वय विचारलं नव्हतं.

पण हीच जात कुणी सिनेमात, नाटकात, कवितेत दाखवायला गेलं की लगेच प्रश्न येतो, हे लहान मुलांनी पाहण्याजोगं आहे का? हा शब्द कुटुंबासोबत ऐकण्याजोगा आहे का? आज हा प्रश्न मोबाईलवरच्या गेमपर्यंत आला आहे. आपली पोरं गेम खेळतात, त्या गेमवर १२+, १६+, १८+ असे आकडे असतात. हे आकडे कुठून आले, ते कुणाला वाचवतात आणि कुणाचं तोंड बंद करतात, हे चळवळीतल्या तरुणांनी समजून घेतलं पाहिजे. त्यासाठी थोडा इतिहास पाहू.

'अश्लील' या शब्दाची जात

इंग्रज सरकारने १८७६ मध्ये नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा केला. त्यात प्रेक्षकाच्या वयाचा विचार नव्हता. राजद्रोही, बदनामीकारक किंवा लोकांची नीती बिघडवणारा प्रयोग सरकारला थांबवता येईल, एवढंच त्यात होतं. पुढे १९१८ मध्ये सिनेमाचा कायदा आला आणि १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे परीक्षण मंडळं बसली. म्हणजे आपल्याकडे आधी आली बंदी, वयाचा शिक्का त्यानंतर आला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी घातली. मग तमाशा 'सुधारण्यासाठी' दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तमाशा कोण करत होतं? बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी समाजातले कलावंत. बघायला सगळा गाव येत होता, पाटलापासून बलुतेदारापर्यंत. घाण मात्र नाचणाऱ्या बाईची आणि तिच्या जातीची ठरली, पैसे फेकणाऱ्याची नाही. प्रा. शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या ग्रंथात हेच उलगडून दाखवलं आहे की 'अश्लील' हा शिक्का जातीपासून वेगळा काढताच येत नाही.

इथे आपल्या चळवळीतली एक आठवण सांगितली पाहिजे. पठ्ठे बापूराव आणि पवळाबाई यांच्या तमाशाच्या कमाईतून सत्याग्रहासाठी देऊ केलेली मदत बाबासाहेबांनी नाकारली, असं सांगितलं जातं. बाबासाहेबांचा प्रश्न स्वाभिमानाचा होता. आमच्या आयाबहिणींना नाचवून मिळालेल्या पैशावर आमची मुक्ती उभी राहणार नाही, ही ती भूमिका. सवर्ण समाजाचा आक्षेप आणि बाबासाहेबांचा आक्षेप वरवर सारखा दिसतो, पण मुळात उलटा आहे. एकाला आपल्या घराची सभ्यता जपायची होती, दुसऱ्याला आपल्या माणसांची प्रतिष्ठा. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि चळवळीने त्याला पर्यायही दिला. सत्यशोधक जलसा, मग आंबेडकरी जलसा. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी तमाशाचा साचा घेतला, त्यातला चावटपणा काढला आणि गुलामीची चिरफाड भरली. अण्णा भाऊंनी त्याचं लोकनाट्य केलं. जलशाला वयाची अट नव्हती. मांडीवरचं पोरही तिथे होतं आणि म्हातारीही होती. मेलेली ढोरं ओढणं, पाणवठ्यावरचा मार, सगळं त्या पोराच्या कानावर पडत होतं. त्यातून बिघडलेली नव्हे, शाळेची वाट धरणारी पिढी तयार झाली.

'अ' आणि 'यू' : कुणाची गरिबी प्रौढ?

सिनेमाला 'ए' आणि 'यू' असे दोन शिक्के १९४९ च्या दुरुस्तीने मिळाले. १९५२ चा कायदा आजही मूळ कायदा आहे. १९८३ मध्ये 'यूए' आलं आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचे ७+, १३+, १६+ असे तीन तुकडे झाले.

या शिक्क्याची पहिली मोठी न्यायालयीन लढाई ख्वाजा अहमद अब्बास यांनी लढली. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली या चार शहरांतली श्रीमंती आणि दारिद्र्य शेजारी ठेवणारा छोटा माहितीपट त्यांनी केला होता. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. मंडळाने त्याला 'ए' देऊ केला. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच सरकारने 'यू' द्यायची तयारी दाखवली, पण अब्बास यांनी मूळ प्रश्न सोडला नाही. १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरीक्षण वैध ठरवलं. प्रश्न साधा होता. त्या वस्तीत वाढणारी मुलं रोज जे पाहतात, ते पलीकडच्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत दिसू द्यायचं नाही, याला संरक्षण म्हणायचं की पडदा?

फूलनदेवीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. मल्लाह समाजातल्या फूलनचं लग्न अकराव्या वर्षाच्या आसपास लावून दिलं. तिच्यावरच्या 'बँडिट क्वीन'ला 'ए' प्रमाणपत्र मिळालं आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. अकरा वर्षांच्या मुलीवर जे गुदरलं, ते पाहायला अठरा वर्षं पूर्ण लागतात.

पण घाई करू नका, इथे दुसरी बाजूही आहे. खुद्द फूलनदेवीने त्या सिनेमाला विरोध केला होता. माझ्यावरचे बलात्कार माझ्या संमतीशिवाय पडद्यावर दाखवले, असं तिचं म्हणणं होतं. म्हणजे 'ए' द्यावा की 'यू', या वादात मंडळ होतं, दिग्दर्शक होता, न्यायालय होतं. जिच्या अंगावर तो प्रसंग घडला, तिला विचारणारा रकाना मात्र कुठल्याच फॉर्मवर नव्हता. शिक्का देणारी व्यवस्था रक्त मोजते, कातडी मोजते, शिव्या मोजते. बोलतंय कोण आणि कुणाबद्दल बोलतंय, हे ती मोजत नाही.

आता याच्याच शेजारी एक 'यू' ठेवून बघा. 'ओरे ओरु ग्रामत्तिले' हा तमिळ सिनेमा जातीवर आधारित आरक्षणाच्या विरोधात होता. त्याला १९८७ मध्ये 'यू' मिळाला, म्हणजे लहानथोर सगळ्यांनी पाहावा असा. मद्रास उच्च न्यायालयाने प्रमाणपत्र रद्द केलं, तर १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत दिलं. निदर्शनांच्या धमकीने अभिव्यक्ती दाबता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे आणि आपल्यालाही ते हवं आहे. आपला प्रश्न एवढाच की हे तत्त्व आपल्या वेळी कुठे जातं?

२०२५ मध्ये 'फुले' सिनेमा आला. ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला, तो प्रदर्शित व्हायचा होता. तो आला २५ एप्रिलला. 'यू' मिळाला, पण बदलांच्या अटीवर. बातम्यांत आलेल्या यादीनुसार 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द काढायला सांगितले गेले. 'तीन हजार साल' गुलामीचं 'कई साल' करायला लावलं. कमरेला झाडू बांधलेल्या माणसाचं दृश्य बदलायला लावलं. त्याच वर्षी नामदेव ढसाळांच्या कवितांमुळे 'चल हल्ला बोल' हा मराठी सिनेमा अडला आणि 'कोण नामदेव ढसाळ?' असा प्रश्न मंडळाकडून आल्याची बातमी महाराष्ट्रभर झाली.

'यू' साठी कापायचं असेल, तर मग वयाचा शिक्का कशासाठी आहे? शिक्क्याचं समर्थन असं करतात की बंदी नको, कापाकापी नको, प्रेक्षकाला फक्त सूचना मिळावी. श्याम बेनेगल समितीने २०१६ मध्ये हेच सुचवलं होतं की मंडळाने प्रमाणपत्र द्यावं, कात्री चालवू नये. प्रत्यक्षात आपल्या वाट्याला दोन्ही येतं, शिक्काही आणि कात्रीही. वर २०२१ मध्ये चित्रपट अपील न्यायाधिकरण बंद केलं. आता दाद मागायची तर थेट उच्च न्यायालय. ते कोटींच्या सिनेमावाल्याला परवडतं. वर्गणी काढून सिनेमा करणाऱ्या आपल्या पोराला परवडतं का?

गेमवरचे आकडे

व्हिडिओ गेमवरच्या वयाच्या आकड्यांचा इतिहास फार जुना नाही. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाइट ट्रॅप' या गेमवरून सुनावण्या झाल्या. सरकार कायदा करेल या भीतीने गेम कंपन्यांनीच १९९४ मध्ये ईएसआरबी नावाची संस्था काढली. युरोपात २००३ मध्ये पेगी आली. म्हणजे हे आकडे न्यायाधीशाने किंवा शिक्षकाने ठरवलेले नाहीत, धंद्याने स्वतःसाठी ठरवलेले आहेत.

त्याचा परिणामही धंद्यातच दिसतो. अमेरिकेत 'एओ', म्हणजे केवळ प्रौढांसाठी, हा शिक्का बसला की मोठी दुकानं गेम ठेवत नाहीत आणि सोनी, निन्टेंडो, मायक्रोसॉफ्ट आपल्या यंत्रांवर तो चालू देत नाहीत. २००५ मध्ये 'जीटीए सॅन अँड्रियास' मध्ये दडवलेलं लैंगिक दृश्य सापडलं, शिक्का बदलून 'एओ' झाला आणि गेम दुकानांतून काढला गेला. त्याच गेममधले शेकडो खून आधीच्या १७+ मध्ये आरामात बसले होते. म्हणून कंपन्या बनवतानाच कापतात. बंदी घालायची गरजच उरत नाही, शिक्क्याची भीती पुरते.

जर्मनीत काय झालं ते आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं आहे. तिथे नाझी चिन्हांवर कायद्याने बंदी आहे. सिनेमाला कला आणि इतिहास म्हणून सूट होती, गेमला ती मिळत नव्हती. त्यामुळे २०१७ च्या 'वोल्फेनस्टाइन २' या गेमच्या जर्मन आवृत्तीत स्वस्तिक गेलं, हिटलरच्या मिशा गेल्या आणि ज्यूंचे उल्लेखही गेले. नाझींना गोळ्या घालायचा गेम, पण नाझींनी कुणाला मारलं ते सांगायचं नाही! टीका झाली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या संस्थेने धोरण बदललं. आता 'फुले' मधून 'महार', 'मांग' आणि 'पेशवाई' काढणं आठवा. बळी गेला त्याचं नाव काढलं, बळी घेणाऱ्याचंही नाव काढलं. शिल्लक राहते नुसती 'वाईट प्रथा', जिला ना कर्ता आहे ना कर्म.

पोलंडचं उदाहरण वेगळं आहे. 'धिस वॉर ऑफ माइन' हा गेम सारायेवोच्या वेढ्यावरून सुचलेला. त्यात आपण सैनिक नसतो, भुकेला नागरिक असतो. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम शाळांच्या पूरक वाचनाच्या यादीत घेतला. पण गेमवर १८+ चा शिक्का, म्हणून तो फक्त अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांसाठी. सारायेवोत मुलं मेली तेव्हा ती अठराची व्हायची होती.

आपल्या देशात गेमसाठी सेन्सॉर मंडळासारखं जुनं वैधानिक मंडळ नाही. प्ले स्टोअरवर जे आकडे दिसतात ते आयएआरसी या आंतरराष्ट्रीय पद्धतीतून येतात. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो, त्यात हिंसा किती, नग्नता किती, जुगार आहे का, असे प्रश्न असतात आणि त्यावरून आकडा निघतो. पेगीमध्ये 'भेदभाव' असंही एक चिन्ह आहे. द्वेषाला उत्तेजन देणारं चित्रण असेल तर ते लागतं आणि गेम १८ चा होतो. भेदभाव दाखवणं आणि भेदभावाला चिथावणी देणं यातला फरक निदान तिथे कागदावर आहे.

पण खरी मेख पुढे आहे. ईएसआरबी स्वतःच सांगते की ऑनलाइन खेळाडूंमधल्या संवादाला तिचा शिक्का लागू नाही. म्हणजे गेमला आकडा आहे, त्यातल्या बोलण्याला नाही. चौघांची टीम करून खेळताना कानातल्या हेडफोनमधून जातिवाचक शिवी ऐकलेला पोरगा शोधायला आपल्या वस्तीत लांब जावं लागत नाही. आडनाव विचारलं जातं, प्रोफाइलवरचा निळा झेंडा बघून 'कोटेवाला' म्हटलं जातं. तिथे १६+ काय आणि १८+ काय, काहीच आडवं येत नाही. हे लक्षात ठेवा की केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये इंटरनेटवरचा जातिवाचक अपमानही सार्वजनिक ठिकाणचा मानून अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली येऊ शकतो, असं म्हटलं आहे. स्क्रीनशॉट काढा, रेकॉर्डिंग जपा.

मग शिक्का नकोच का?

काही मित्र म्हणतील, तुम्हाला लहान मुलांना सगळं दाखवायचं आहे का? नाही. स्पष्ट नाही.

वाकडीची चित्रफीत फिरवणाऱ्यांत आपलेही लोक होते. अन्याय जगाला दिसावा, हा हेतू चांगला होता. पण त्यात आपल्याच पोरांची नग्न शरीरं होती. अल्पवयीन पीडिताची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याने मनाई आहे. ती चित्रफीत समाजमाध्यमावर टाकल्याबद्दल राज्य बालहक्क आयोगाने एका राष्ट्रीय नेत्यालाही नोटीस पाठवली होती. फूलनदेवीचा आक्षेप आणि हा आक्षेप एकच आहे. पठ्ठे बापूरावांच्या मदतीला नकार देणाऱ्या बाबासाहेबांची भूमिकाही तीच. मारणाऱ्याच्या कॅमेऱ्यातून आपलं दुःख बघायचं नाही. तिथे वयाची अट अठरा नव्हे, ऐंशी असली तरी थोडी.

जुगाराचंही तेच. रमीच्या अ‍ॅपवर '१८+' लिहिलेलं असायचं आणि शेजारी सिनेनटाची जाहिरात असायची. अठरा पूर्ण झालेला बेरोजगार तरुण हेच तर त्यांचं गिऱ्हाईक होतं. तिथे वयाचा आकडा कंपनीची ढाल होता. '१८+ लिहिलं होतं, तुम्हीच खेळलात.' शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. जिथे खरोखर अडवायचं होतं तिथे शिक्का कुचकामी ठरला, आणि जिथे बोलू द्यायचं होतं तिथे तो कडक झाला.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये पहिलीच आठवण लहानपणची लिहिली आहे. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुलं, मसूर स्टेशन, जात कळल्यावर बदललेला स्टेशनमास्तर, दुप्पट भाडं देऊन स्वतःच हाकलेली बैलगाडी आणि रात्रभर न मिळालेलं पाणी. त्यात रक्त नाही, नग्नता नाही, शिवी नाही. कुठलीही प्रश्नावली भरा, तिला 'सर्वांसाठी' हाच शिक्का मिळेल. तरी ती वाचून दहा वर्षांच्या पोराला जात कळते. कारण ती सोसलेल्याने सांगितली आहे, मान ताठ ठेवून. मुलांना काय दाखवायचं याचं माप आपल्याकडे आधीपासूनच आहे.

काय करायचं?

एक. शिक्का असेल तर कात्री नको, ही मागणी आंबेडकरी संघटनांनी बेनेगल समितीचा दाखला देऊन लावून धरावी. जातीचं नाव उच्चारणं हे वय वाढवण्याचं किंवा शब्द कापण्याचं कारण असू शकत नाही. इतिहास सांगताना जातीचं नाव घेणं आणि शिवी म्हणून घेणं यातला फरक नियमात लिहिला गेला पाहिजे.

दोन. परीक्षण मंडळांवर आपली माणसं किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. ढसाळ कोण हे विचारावं लागतं, तिथे आपला माणूस बसलेला नसतो.

तीन. गेमच्या चॅटमधल्या जातिवाचक छळाची तक्रार घ्यायला कंपन्यांना भाग पाडा. तक्रारीच्या यादीत धर्म, वंश, लिंग असतं. तिथे जात वेगळी लिहिलेली हवी.

चार. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. रविवारी विहारात पोरांना घेऊन बसा. सिनेमा एकत्र बघा, नंतर त्यावर बोला. कोणते गेम खेळता, तिथे कोण काय म्हणतं, हे विचारा. जलशाने हेच केलं होतं. मांडीवरचं पोर एकटं नव्हतं, सोबत आई होती, समजावणारा शाहीर होता. मोबाईलसमोर ते एकटं आहे. कोणताही आकडा त्या एकटेपणावर उपाय नाही.

आणि जळगाव, धुळ्यात संगणक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनो, गेम नुसते खेळू नका, बनवाही. चवदार तळ्याच्या वाटेवरचा, मसूरच्या स्टेशनवरचा गेम आपण नाही बनवला तर कोण बनवणार? त्यावर ते कोणता आकडा छापतात ते मग बघू. वाकडीतल्या पोरांच्या वयापेक्षा तो जास्त असेल, तर का, हे त्यांना विचारता येईल.

जय भीम!